पॅक्लिटॅक्सेल: तेलातले की अल्ब्युमिनमधले?

पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल कर्करोगावर प्रभावी आहे, पण पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

1992 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जुन्या रूपात ते क्रेमोफोर हे एरंडेलापासून बनवलेले द्रावक आणि अल्कोहोल यांत विरघळवतात. या द्रावकामुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक औषधे द्यायची, मग साधारण तीन तास सलाइन. औषधापेक्षा त्याच्या वाहनाचाच त्रास रुग्णाने सोसावा, हे मला फार खटकते.

2005 साली आलेल्या नॅनो रूपात हेच औषध अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाबरोबर सुमारे 130 नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते. क्रेमोफोर नाही, त्यामुळे ॲलर्जीची पूर्वतयारी सहसा लागत नाही. मात्राही जास्त देता येते: दर तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर 175 ऐवजी 260 मिलिग्रॅम, तेही अर्ध्या तासात. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात या मात्रेने 33 टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, जुन्या रूपाने 19 टक्के रुग्णांच्या.

मात्र हातापायांची बधिरता नव्या रूपात जास्त दिसली. शिवाय दर आठवड्याच्या मात्रेत तुलना केली तेव्हा ते सरस ठरले नाही. ते महागही आहे. क्रेमोफोर सोसत नसेल तर मी नॅनोच निवडेन. जुने नीट मानवत असेल, तर ते बदलण्याची घाई नको.