पाचारण शोधायला गेलो होतो: आठ दिवसांच्या मौन साधनेबद्दल

आधीच सांगून टाकतो. 'देवाचं मला नेमकं काय पाचारण आहे', म्हणजे त्याने मला कशासाठी बोलावलंय, याचं उत्तर घेऊनच घरी यायचं, असं ठरवून जाणार असाल तर जाऊ नका. मी तसंच ठरवून गेलो होतो. आठ दिवस तोंड बंद ठेवलं, उत्तर मिळालं नाही, आणि तरी पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का कापला, तेही सांगतो, कारण तो कापताना मला जरासुद्धा वाईट वाटलेलं नाही.

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात एकवीस वर्षं आहे. वय सत्तेचाळीस. आमच्या चर्चच्या मंडळीत शास्त्रपाठ वाचतो, पाळकसाहेब (पास्टर) बाहेर असले की संदेशही देतो. बरा होतो म्हणे. गेली सहा-सात वर्षं उपासना सुटली की कुणी ना कुणी हात धरून म्हणतं, 'भाऊ, तुम्हाला सेवेचं पाचारण आहे. त्या फायलींत कुठे अडकून पडलात?' सात वर्षं हेच कानावर पडलं की ते देवच म्हणतोय असं वाटायला लागतं. शेवटी सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा, अर्ज मागवला, भरला, फक्त सही बाकी ठेवली. बायको म्हणाली, 'सही करायच्या आधी एकदा कुठेतरी गप्प बसून या.' मी घरी फार बोलतो, त्याचाही यात भाग असावा.

ही साधना संत इग्नेशियस लोयोलाच्या पद्धतीची. हा सोळाव्या शतकातला स्पॅनिश सरदार, पुढे जेझुइट संघाचा संस्थापक. मूळ तीस दिवसांची, चार 'आठवड्यांत' विभागलेली. हे आठवडे मोजून सात दिवसांचेच असतात असं नाही. ज्यांना एवढी सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी आठ दिवसांची. दिवसातून चार वेळा तासभर प्रार्थना, प्रत्येक तासानंतर वहीत टिपण, आणि रोज एकदा मार्गदर्शकाशी अर्धा तास बोलणं. बाकी पूर्ण मौन. जेवतानासुद्धा. मी प्रोटेस्टंट, मार्गदर्शक म्हणून मिळाल्या त्या कॅथलिक सिस्टर. साठी ओलांडलेल्या, डोळ्यांत मिश्कीलपणा. सायंकाळच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, यायचं तर या, परमप्रसाद (वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर) मात्र घेता येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सरळ सांगून टाकलं. मला ते आवडलं. आधी गोड बोलून वेदीपाशी अवघडून उभं करण्यापेक्षा हे बरं.

पद्धत समजावायला त्यांना पाच मिनिटं पुरली. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियसचा पाय तोफगोळ्याने मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या, तर घरात होती ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. नाइलाजाने तीच वाचली. मग पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एकात तो एका थोर घराण्यातल्या बाईसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी निघायचा. बघताना दोन्ही गोड. पण पहिलं सरलं की मन कोरडं पडायचं, दुसरं सरल्यावरही समाधान टिकून राहायचं. हा फरक त्याच्या लक्षात आला, आणि पुढे 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्य केलेली सगळी साधना त्या एका निरीक्षणातून वाढली. 'तुम्हीही एवढंच करा,' सिस्टर म्हणाल्या. 'स्वप्न बघा. मग ते संपल्यावर तोंडाला चव कसली राहते, ते लिहा.'

एवढंच करायचं, तर आठ दिवस कशाला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं. फोन पहिल्या दिवशीच जमा करायचे असतात. मी केला. पण बॅगेत एक जुना फोन होता, गजरापुरता, असं मी स्वतःला सांगितलेलं. दुसऱ्या पहाटे तो खिशात घालून चॅपलमध्ये गेलो आणि वीस मौनी माणसांमध्ये तो कोकलला. बंद करायचं बटण अंधारात सापडेना. कुणी वळूनही पाहिलं नाही, त्यामुळे जास्तच शरम वाटली. दुपारी फोन सिस्टरांच्या टेबलावर ठेवला तर त्या म्हणाल्या, 'हं. अजून काय काय आणलंय बरोबर?'

तिसऱ्या दिवशी बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय दिला. मुलगा शमुवेल रात्री देवाची हाक ऐकतो आणि आपला गुरू, म्हातारा याजक एली, बोलावतोय असं समजून तीन वेळा त्याच्याकडे धावतो. हा भाग मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवलाय! पण तासभर तेवढंच घेऊन बसल्यावर दोन गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. हाक ऐकण्यात मुलगा चुकला नव्हता, हाक कुणाची यात चुकला होता. आणि त्या रात्री त्याला मिळालेला निरोप खुद्द एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. पोराला पाचारण झालं, तेव्हा पहिलं काम काय, तर सकाळी उठून आपल्या म्हाताऱ्या गुरूला हे सांगायचं. 'बोल, तुझा दास ऐकत आहे' हे आपण फलकावर लिहितो, पुढचं कुणी लिहीत नाही.

मी सिस्टरांना म्हटलं, माझी मंडळी म्हणजे माझे एलीच नाहीत का? तेच तर सांगतात, हाक देवाची आहे म्हणून. त्या हसल्या. 'एलीने त्याला परत झोपायला पाठवलं. आता हाक आली तर तूच उत्तर दे म्हणाला. तुमचे एली तुम्हाला झोपायला पाठवतात का?'

चौथा दिवस वाया गेला. खरोखर वाया. प्रार्थनेत डोक्यात ऑफिस, गुडघे दुखायला लागले, समोरच्या खुर्चीच्या पाठीवरच्या खिळ्याकडे बघत मी तास काढले. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: 'उद्या निघावं.' इथे इग्नेशियसचे दोन नियम उपयोगी पडतात. मन कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. आणि उठावंसं वाटलं की तासापेक्षा थोडं जास्त बसायचं. मी घड्याळ बघत पाच मिनिटं जास्त बसलो. काही झालं नाही. फक्त निघालो नाही.

पाचव्या आणि सहाव्या दिवसासाठी मात्र मी हे सगळं पुन्हा एकदा करायला तयार आहे. पाचवा दिवस पूर्ण असा काढायचा, की सही झाली, सेमिनरीत जायचं ठरलं. सहावा असा, की नोकरीतच राहायचं ठरलं. ठरवायचं काही नाही, नुसतं त्या त्या निर्णयात राहून बघायचं.

पाचवी सकाळ झकास गेली. मी व्यासपीठावर, सभागृह भरलेलं, लोक टक लावून ऐकतायत, माझा आवाज लागलेला. दुपारी सगळं रंगवून सांगितलं. सिस्टरांनी विचारलं, 'त्यातल्या कुणाला काही दुखत होतं का?' मी गप्प. माझ्या त्या भरल्या सभागृहात कुणालाही काहीही दुखत नव्हतं. सगळे धडधाकट, टापटीप, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत ते चित्र आठवायचाच कंटाळा यायला लागला. जास्त गोड खाल्ल्यावर होतं तसं.

सहाव्या दिवशी उदास वाटणार, याची मी खात्री धरून बसलो होतो. तर प्रार्थनेत एक जुना क्लेमदार येऊन बसला. मी त्याला विसरलोच होतो. बायकोच्या मृत्यूचा क्लेम घेऊन आला होता, कागद सगळे नीट लावलेले. फॉर्ममध्ये 'मृत व्यक्तीशी नातं' असा रकाना असतो. तिथे त्याचं पेन थांबलं. बराच वेळ. मागे रांग चुळबुळायला लागली. मग त्याने मला अगदी हळू विचारलं, 'साहेब, पती आहे लिहू, की होतो?' मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि 'पती' एवढंच लिहिलं. मग पुढचे रकाने मीच भरत गेलो. एकेक प्रश्न विचारायचा, तो सांगायचा, मधेच तिच्याबद्दल काहीतरी सांगायचा, मी थांबायचो. वीसेक मिनिटं गेली असतील. टोकन यंत्र पुढचे नंबर ओरडत होतं.

हे मी घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी ती आठवण रात्री दिवा मालवेपर्यंत बरोबर राहिली, आणि कोरडी पडली नाही.

दुपारी सिस्टरांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी वाट बघून विचारलं, 'म्हणजे नोकरीतच राहायचं ना?' 'मी असं म्हटलं नाही.' 'मग सही करू?' 'तेही म्हटलं नाही.' मला खरंच राग आला. एवढ्या लांबून यायचं, एवढं उकलून दाखवायचं, आणि समोरच्याने पावती फाडायचीच नाही! नंतर कळलं की हा त्यांचा हट्ट नव्हता. मार्गदर्शकाने साधकाला कुठल्याच बाजूला ढकलायचं नाही, तराजूच्या काट्यासारखं मधे राहायचं आणि देवाला त्याच्याशी थेट बोलू द्यायचं, असं इग्नेशियसने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच रात्री त्याची किंमत कळली, कारण त्याच रात्री उलटा प्रकार बघायला मिळाला.

आता कापलेल्या ताऱ्याकडे येतो. सहाव्या संध्याकाळी 'ऐच्छिक' म्हणून एक सत्र होतं. मौन मोडून. बाहेरून आलेले वक्ते, तीस प्रश्नांची छापील प्रश्नावली, गुणांची बेरीज करायची आणि खाली आपलं पाचारण वाचायचं. माझं 'प्रचारक' निघालं, दोन गुणांनी 'प्रशासक' हुकलं. आठ दिवस मनाची चव ओळखायला शिकवायचं आणि मधेच हे! मग वक्ते म्हणाले, पाचारण एकदाच येतं, नांगराला हात घातला की मागे बघायचं नाही, प्रेषित पौलासारखं हाक आली त्या क्षणी उठायचं. ज्यांचा निश्चय झालाय त्यांनी हात वर करा.

माझ्या शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. सहा दिवस एकमेकांशी शब्द नाही, पण रोज तो माझी चप्पल सरळ करून ठेवायचा. त्याने हात वर केला. बोटं थरथरत होती. तो निश्चय होता की नुसता दबाव, मला कळायचं कारण नाही. त्यालाही त्या क्षणी कळायला वाव ठेवला नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

आणि उदाहरणंही अर्धीच. पौल स्वतः गलतीकरांना लिहितो, की तो आधी अरबस्तानात गेला आणि यरुशलेमला पोचायला तीन वर्षं लागली. बायबलमधलाच, संदेष्टा एलीयाने नांगर चालवताना बोलावलेला अलीशा मागे फिरला, बैल कापून लोकांना जेवू घातलं, मग एलीयाच्या मागे गेला. पाचारण एकदाच येतं म्हणावं, तर मदर तेरेसा 1946 मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत बसल्या तेव्हा धर्मभगिनीच होत्या. गरिबांमध्ये जाण्याची ती हाक त्यांनी 'पाचारणातलं पाचारण' मानली, आणि मठाबाहेर पडायची परवानगी मिळायला 1948 उजाडलं. तोवर थांबल्या. आपले नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. मिशनच्या पगारावर पाणी सोडून संन्यासी म्हणून निघाले ते 1917 मध्ये, आयुष्याची दोनच वर्षं उरली असताना. हे सगळं त्या वक्त्यांना माहीत नसेल असं वाटत नाही. असो. अभिप्रायाच्या कागदावर मी दोन बाजू भरून लिहिलं. पुढच्या तुकडीत ते सत्र दिसलं तर खुशाल झोपायला जा. एलीनेही तेच सांगितलं होतं.

बाकी किरकोळ. खोल्या साध्या, स्वच्छ. चॅपलमधल्या खुर्च्या पाठीच्या शत्रू, जमिनीवर बसता येत असेल तर बसा. एका मार्गदर्शकाकडे सात जण, त्यामुळे अर्ध्या तासाचे कधी वीस मिनिटं होतात. नावनोंदणीच्या वेळी अलीकडे कुणी गेलंय का, औषधं चालू आहेत का, हे नीट विचारतात. ते चांगलं. ताजं दुःख किंवा नैराश्य असेल तर इतकं मौन अंगावर येऊ शकतं, आधी डॉक्टरांशी बोला. आठ दिवस शक्यच नसतील तर घरी राहून रोज थोडी थोडी, काही महिने चालणारी साधनाही असते. इग्नेशियसने तीही सोय एकोणिसाव्या सूचनेत करून ठेवलीय. मी आता त्याच सिस्टरांकडे तीच सुरू केलीय.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय ठरलं? मी वही दिली. ती सहाव्या दिवसापर्यंत वाचत गेली आणि थांबली. 'हा माणूस कोण? तुम्ही कधी सांगितलं नाही.' मग मी तिला त्याच्याबद्दल सांगितलं. अर्ज खणात आहे, सही अजून नाही.

जाणार असाल तर जाड वही न्या, आणि काट्याचं साधं घड्याळ. जुना फोन घरी ठेवा.