ओट्याजवळचा लाकडी टॉवर: गणपतीपासून कुरडयांपर्यंतचा वापर

लहान मुलांना स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीवर उभं राहता यावं म्हणून चारही बाजूंनी कठडा असलेली एक लाकडी चौकट मिळते. ऑनलाइन शोधलं तर लर्निंग टॉवर किंवा किचन टॉवर या नावाने दिसते. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरात ती गेल्या गणपतीच्या थोडी आधी आली. तेव्हा लेक सव्वादोन वर्षांची होती, आता तीन पूर्ण झाली आहे आणि गच्चीवर कुरडया वाळताहेत. मधल्या काळात टॉवर जवळजवळ रोज वापरला. माझं मत आधीच सांगतो. वस्तू घेण्यासारखी आहे, पण संध्याकाळी घरातलं कोणीतरी अर्धा तास सावकाश काम करू शकत असेल तरच. तेवढा वेळ देणारं कोणी नसेल तर टॉवर स्वयंपाकघरात अडचण करतो आणि धोकाही वाढवतो.

आमच्याकडे तो का लागला, ते आधी. मी सातपूरला पहिल्या पाळीत असतो, त्यामुळे चारनंतर घरी. बायको बँकेतून सातच्या सुमारास येते. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि तो मला मनापासून आवडतो. पण सहा ते सात या तासात लेकीला भूक, झोप आणि माझी ओढ, सगळं एकदमच यायचं. ती पायांना मिठी मारून ‘बाबा, मला दिसत नाही’ म्हणायची. एका हाताने तिला कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने भाजी परतणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण गरम कढई आणि मूल एकाच उंचीवर येतात. दुसरा पर्याय मोबाइलचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे आयएपीचं, सांगणं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. तो सगळा तास रोज याच वेळी, माझी पाठ तिच्याकडे असताना संपावा हे मला नको होतं.

ऑनलाइन मिळणारे टॉवर बघितले, पण शेवटी ओळखीच्या सुताराकडून बनवून घेतला. मुख्य कारण उंची. आमचा ओटा जमिनीपासून ३३ इंच आहे. जुन्या घरांत ओटे याहून बुटके असतात, नव्या इमारतींत उंच. मूल फळीवर उभं राहिलं की ओटा त्याच्या कोपराच्या किंचित खाली यायला हवा. तो छातीपर्यंत आला तर हात वर धरून काम करावं लागतं आणि खांदे दुखतात. फार खाली गेला तर मूल पुढे ओणवं होतं. आमच्या मोजमापाने सव्वादोन वर्षांच्या लेकीला फळी जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरवर लागली, आता ती ३४ वर आणली आहे. म्हणून बाजूच्या पाट्यांना फळी सरकवायच्या तीन खाचा करून घेतल्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकाच उंचीचा टॉवर घेतलात तर तो वर्षभरात छोटा पडेल.

दुसरी गोष्ट पायांचा पसारा. वरच्या कठड्यापेक्षा खालची चौकट चारही बाजूंनी रुंद हवी, म्हणजे मूल एका बाजूला रेललं तरी टॉवर कलंडत नाही. दुकानात बघत असाल तर वरच्या कोपऱ्याला धरून जोरात आडवा ढकलून बघा. कठडा मुलाच्या छातीपर्यंत यावा आणि चढायच्या बाजूला आडवी दांडी असावी. पायांखाली रबराच्या टोप्या लावाव्यात, कारण ओल्या फरशीवर लाकूड सरकतं. घडीचे टॉवर जागा वाचवतात, पण त्यांच्या बिजागरीत बोटं सापडण्याची भीती मला वाटली, म्हणून टाळले. आमचा प्लायचा आहे, सगळ्या कडा घासून गोल केलेल्या. सुताराचे पैसे धरून सात हजारांच्या आत झाला.

आता जागा. आमचा ओटा एल आकाराचा, एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला सिंक. टॉवर कायम सिंकच्या बाजूला. गॅसपासून निदान एक मीटर अंतर हवंच, म्हणजे हात लांबवूनही शेगडीच्या बटणापर्यंत पोचता येत नाही. मिक्सरची वायर, सुऱ्या, काडेपेटी तिच्या हाताच्या टप्प्यातून हलवल्या. तळण चालू असताना किंवा कुकर उघडताना टॉवर रिकामा, हा घरचा नियम आहे आणि तो पाहुण्यांसमोरही मोडत नाही. लहान मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, जो चहा आपल्याला नुसता चटका देतो तोच त्यांना खोल भाजतो. आमच्याकडे सुदैवाने काही झालं नाही, तरी माहीत असावं म्हणून लिहितो: भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद काहीही लावायचं नाही, आणि फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात भाजले असतील तर थेट डॉक्टर.

लेक त्यावर उभी राहून करते काय? सुरुवातीला फक्त पाणी. ते दिवस पावसाचे होते, गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता, आणि आम्ही तिला घेऊन गोदेचा पूर बघून आलो होतो. नाशिककर पूर किती आला हे रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी घरोघर पोचते. लेकीने तेच उचललं. सिंकमध्ये पातेलं, पातेल्यात उभी बाटली, तिचं नाव मारुती, आणि वाटीवाटीने पाणी ओतायचं. ‘बाबा, गुडघ्याला आलं. बाबा, पोटाला आलं.’ मी शेजारी पोळ्या करतोय आणि पुराच्या बातम्या येताहेत. वाट्या मोजणं, भरलेलं आणि रिकामं, सांडल्याशिवाय ओतणं, हे सगळं या एका खेळात झालं. नळ बंद ठेवून ठरलेलं एक भांडंभर पाणीच द्यायचो, नंतर ते कुंड्यांना. हा खेळ सगळ्यांनी करून बघावा असा माझा आग्रह आहे. आपल्या गावातलं काही ना काही त्यात घालता येतं आणि मूल त्यात हरवून जातं.

मग हळूहळू खरं काम आलं. गणपतीत सारणातला किसलेला नारळ आणि गूळ एकत्र करणं. दिवाळीत शंकरपाळ्यांवर कातण फिरवणं, आणि चिवड्याच्या पोह्यांमधले जाड तुकडे निवडणं. थंडीत मटार सोलणं, मेथी निवडणं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला नळाचं पाणी इतकं गार येतं की मोठ्यांचे हात आखडतात, तेव्हा भाजी धुवायला तिला कोमट पाणी काढून द्यायचो. कांद्याची वरची सुकी सालं काढणं हे तिचं सगळ्यात आवडतं काम. त्याने डोळे झोंबत नाहीत, आवाज छान येतो, आणि बोटांच्या चिमटीला जो व्यायाम होतो तोच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारातून भाजी आणली की तिला पिशवी रिकामी करायला देतो. टोमॅटो वेगळे, बटाटे वेगळे, कोथिंबिरीची जुडी शेवटी. हे वर्गीकरण कुठल्याही महागड्या खेळण्याइतकंच चांगलं आहे.

द्राक्षांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपण द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो. जानेवारी ते मार्च घरात पेट्या येतात, निफाड-दिंडोरीकडचे पाहुणे कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. घडातून मणी खुडणं, चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली धुणं, खराब मणी बाजूला काढणं ही लेकीची कामं. चिरणं माझं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नये. त्याचा आकार आणि गुळगुळीतपणा असा असतो की ते श्वासनलिकेत घट्ट बसतं. आडवं दोन तुकडे केलं तरी गोल तोंड तसंच राहतं, म्हणून उभे चार तुकडे करायचे. अख्ख्या शेंगदाण्यांचंही तेच, दाण्याचं कूट चालतं. टॉवरवर उभं असलेलं मूल काम करता करता तोंडात टाकतंच, म्हणून हा धोका इथे जास्त आहे. खुडताना मी शेजारून हलत नाही आणि तिच्यासमोर चिरलेल्या द्राक्षांची वाटी ठेवतो. खायचं असेल तर त्यातलं.

माझ्या आईचं मत मात्र लिहिलंच पाहिजे, कारण ते माझ्याहून जाणतं आहे. आई सिन्नरला बालवाडीत शिकवायची. टॉवर बघून ती म्हणाली, ‘अरे, तिला वर चढवण्यापेक्षा तू खाली बस की. परात घे, सतरंजी टाक.’ बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दगड, बिया, पानं, शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं, त्यासाठी सामान विकत आणावं लागत नाही, हे ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. आणि तिचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. कणीक मळणं, मटार सोलणं, मेथी निवडणं ही कामं जमिनीवर बसूनच चांगली होतात. परात पक्की बसते, पडायची भीती नसते, आणि आजी मांडीला मांडी लावून बसते. आता उन्हाळी कामं चालू आहेत तर ओट्याजवळ टॉवरला आठ-आठ दिवस कोणी विचारत नाही. साबुदाण्याचे पापड आणि कुरडया गच्चीवर, पसरलेल्या प्लॅस्टिकवर. लेकीचं काम चमच्याने पापडाचा पहिला ठिपका टाकण्याचं, तो गोल फिरवते आजी. त्यामुळे ज्यांच्याकडे जमिनीवर बसायला ऐसपैस जागा आहे आणि बसणारं माणूस आहे, त्यांना टॉवर नसला तरी काही अडत नाही. आमच्यासारख्या अरुंद स्वयंपाकघरात, जिथे नळ आणि पोळपाट ओट्यावरच आहेत आणि आजी वर्षातले काही महिनेच येते, तिथे तो कामाचा.

खाण्यावर परिणाम झाला का, असं सगळे विचारतात. थोडा झाला. स्वतः निवडलेली मेथी तिने पराठ्यात खाल्ली, कच्चं गाजर धुता धुता खायला लागली. दोडका, गिलकी अजूनही बाजूला सारते. तेवढ्यासाठी कोणी टॉवर घेणार असेल तर घेऊ नये. मोठा फरक पडला तो संध्याकाळच्या रडण्यात. स्वतःचं काम मिळालं की ती पंधरा-वीस मिनिटं सलग रमते, कधी त्याहून जास्त. काम लागत असेल तेवढंच मागून घेते, नको असेल तेव्हा उतरून जाते. थांबवून ठेवायचं नाही, हेही लिहून ठेवतो.

त्रुटी आहेत. सिंकजवळ असल्यामुळे प्लायच्या खालच्या कडांना पाणी लागून त्या फुगल्या, पॉलिशचे पापुद्रे निघाले. सुताराने कडांना पट्टी लावून पुन्हा पॉलिश केलं, पण पुन्हा करायचं झालं तर खालचे पाय भरीव लाकडाचे घ्यावेत असं सांगेन. स्क्रू सैल होतात, महिन्यातून एकदा आवळावे लागतात. भांडी घासायला ताई येतात तेव्हा टॉवर त्यांच्या पायात येतो, म्हणून त्यांच्या वेळेआधी तो उचलून बाल्कनीत ठेवतो. वजन मोठ्या माणसाला उचलण्याइतकं आहे, वयस्कर माणसाला नाही.

आणि सगळ्यात गंभीर त्रुटी: लेक अडीच वर्षांची झाली तशी तिला टॉवर ढकलता यायला लागला. म्हणजे आपण नसताना ती तो गॅसकडे नेऊ शकते, फ्रिजवरच्या औषधांकडे नेऊ शकते. रबराच्या टोप्यांनी तो जड सरकतो, पण सरकतोच. म्हणून काम संपलं की टॉवर स्वयंपाकघराबाहेर आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. ज्या घरात दोन-तीन चुलत भावंडं एकत्र खेळतात तिथे तर मी टॉवर अजिबात सुचवणार नाही. एक वर चढतं आणि दुसरं खालून ढकलतं.

किती वयापासून? चालणं आणि चढणं पक्कं झाल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांपासून पुढे. दीड वर्षाच्या मुलाला फक्त पाणी आणि चमचे द्या. तीनच्या आसपास केळं बोथट सुरीने कापता येतं, पोळी लाटायला छोटं लाटणं द्यावं. कच्ची कणीक मात्र तोंडात जाऊ देऊ नये, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. काम सुरू करायच्या आधी हात धुणं तिला आता सांगावं लागत नाही, टॉवरवर चढली की आधी साबण मागते.

सध्या आम्ही टॉवर सकाळी बेसिनजवळही नेतो. दात घासताना तिला आरसा दिसतो आणि स्वतःची चूळ स्वतः भरता येते. फळी सगळ्यात खालच्या खाचेत टाकली की अजून दीड-दोन वर्षं पुरेल असा अंदाज आहे. त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीने आधीच नंबर लावून ठेवला आहे, तिचा मुलगा आता रांगतोय. तिच्या ओट्याची उंची मोजून आणली आहे, आमच्यापेक्षा दोन इंच जास्त, त्यामुळे एक खाच वरती वाढवून द्यावी लागेल.