26 जानेवारीचे संचलन घरी पाहताना: दूरदर्शन, वृत्तवाहिनी की मोबाइल?

कर्तव्यपथावरील संचलन कोणत्याही वाहिनीवर लावले, तरी चित्रण मुळात दूरदर्शनचेच असते. त्यामुळे निवड करायची असते ती त्या चित्रावर चढवलेल्या आवाजाची, पडद्यावरील पट्ट्यांची आणि प्रक्षेपणाला लागणाऱ्या विलंबाची. इंदूरच्या लोकमान्य नगरासारख्या वस्तीत, जिथे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकाच खोलीत बसतात, तिथे माझे मत नि:संकोचपणे डीडी नॅशनलच्या बाजूने आहे.

याचे मुख्य कारण समालोचन. समोरून जाणारे पथक कोणत्या रेजिमेंटचे आहे, त्याचे नेतृत्व कोण करीत आहे, चित्ररथावर कोणता प्रसंग उभा केला आहे, हे तिथे शांतपणे आणि योग्य वेळी सांगितले जाते. आणि समालोचन हिंदीत असले तरी इथल्या मराठी घरांना त्याची अडचण वाटत नाही. ज्या वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीचे पथक संचलनात असते, त्या वर्षी ती माहिती आणि मागचा बँड नीट ऐकू येणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. हवाई कसरतींत वैमानिकाच्या कक्षातून घेतलेली दृश्येही मोठ्या पडद्यावरच खुलतात. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही, त्यामुळे एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की पुढचा खर्च उरत नाही.

खासगी वृत्तवाहिन्यांवर तेच चित्र बहुधा आक्रसते, कारण खाली बातम्यांची पट्टी आणि बाजूला चर्चा करणारे चेहरे असतात. प्रमुख पाहुण्यांच्या दौऱ्यामागचे राजकारण समजून घ्यायचे असेल तर त्या दुपारनंतर लावाव्यात.

यूट्यूबचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तिथले थेट प्रक्षेपण टीव्हीपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असते. राष्ट्रगीत 52 सेकंदांचे असते आणि 21 तोफांची सलामी त्याच्याच लयीत दिली जाते. अशा वेळी बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि आत मोबाइल सुरू असेल, तर मोठी माणसे उभी असतानाच आतून पुन्हा पहिली तोफ ऐकू येते आणि ती खाली बसतात तेव्हाही आतले राष्ट्रगीत सुरूच असते. एका घरात एकच प्रक्षेपण ठेवणे म्हणूनच उत्तम. शिवाय 2025 मध्ये मध्य प्रदेशाच्या चित्ररथाने चित्त्यांचे पुनरागमन मांडले होते. असे बारीक काम हातातल्या पडद्यावर हरवून जाते.

मात्र मागे नेऊन पाहण्याची सोय फक्त इथेच आहे, आणि ती इंदूरकरांच्या विशेष उपयोगाची आहे. नेहरू स्टेडियमवरील जिल्ह्याचा मुख्य सोहळा सहसा सकाळी 9 वाजता ध्वजवंदनाने सुरू होतो, तर दिल्लीतील संचलन 10:30 वाजता. मुलांची कवायत पाहून घरी परतेपर्यंत तिकडची सुरुवात निघून गेलेली असते. अशा कुटुंबांनी स्मार्ट टीव्हीवर यूट्यूब लावून सुरुवातीपासून पाहावे. पडदाही मोठा मिळतो आणि काही सुटतही नाही. 2015 मध्ये पहिला क्रमांक मिळवणारा महाराष्ट्राचा पंढरपूरच्या वारीचा चित्ररथ मुलांना दाखवायचा असेल, तर त्यासाठीही यूट्यूबच शोधावे लागेल.

दिवसभर घरीच असणाऱ्यांनी पोहे-जलेबी दहाच्या आत उरकावी, कारण त्यानंतर पंतप्रधान राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र अर्पण करतात आणि तो भाग स्वयंपाकघरातून ऐकण्याचा नाही.

29 जानेवारीच्या संध्याकाळी विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटसाठी निकष थोडा बदलतो. तो सोहळा वाद्यवृंदांचा असल्यामुळे तिथे चित्राइतकाच ध्वनी महत्त्वाचा ठरतो. टीव्हीला वेगळा स्पीकर जोडता येत असेल तर त्या दिवशी तो आवर्जून जोडावा.