जुनीच बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली, कोल्हापूरकरांनो सावध राहा

घरात मोठी माणसं गाडी वापरत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा प्लीज.

आमचे मामा कळंब्याला राहतात, त्यांची वॅगनआर आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस जागेवरच उभी होती आणि एका सकाळी मामींना दवाखान्यात न्यायचं म्हणून किल्ली फिरवली तर नुसतं टकटकटक, इंजिन काय फिरंना. कुणीतरी नंबर दिला म्हणून घरी येऊन बॅटरी बदलून देणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडून टेस्टरचे चिमटे लावले, बटण दाबून धरलं, काटा सरळ तांबड्यात. "काका, बॅटरी गेल्या, दोन सेल बसल्यात, चार्ज करून पण उपयोग नाही." मामी तयार होऊन पायरीवर बसलेल्या, फाईल हातात, अशा वेळी माणूस चौकशी करत बसतो होय? चार हजाराच्या वर पैसे घेतले, 'नवीन' बॅटरी बसवली, जुनी स्वतःच उचलून टेम्पोत टाकली आणि तिचा एक रुपया कमी केला नाही. बिल मागितलं तर व्हॉट्सॲप करतो म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही.

दिवाळीच्या आधीच ही 'नवीन' बॅटरी पण बसली. मी मीटर घेऊन गेलो आणि आधी बॅटरी नीट बघितली तर डोकंच फिरलं. वरचा स्टिकर चकाचक, पण कोपरा उचलला तर खाली दुसरा जुना स्टिकर. शिशाच्या खुंटांवर चिमटे आवळल्याचे जुने ओरखडे, कोऱ्या बॅटरीचे खुंट गुळगुळीत असतात. आणि जिथं कंपनीचा कोड असतो तिथं कानस मारून सगळं घासून टाकलेलं. रात्रभर चार्जिंगला लावली, काढल्या काढल्या 12.7 व्होल्ट दाखवले, पण वायर सोडून नुसती ठेवली तरी संध्याकाळपर्यंत 12.1 वर आली. कंपनीच्या डीलरला दाखवली, तो म्हणाला कोड नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि ही वापरलेलीच आहे, धुऊन चार्ज करून विकली.

आता त्या टेस्टरचं बघा, कारण खरी मेख तिथंच आहे. तो लोड टेस्टर असतो, बॅटरीवर मोठा लोड टाकतो, म्हणजे तिच्यातनं जोरात करंट ओढून ती तग धरते काय ते बघतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर चांगली बॅटरी पण त्यात नापास होते, म्हणून आधी पूर्ण चार्ज करायची आणि मग टेस्ट, ती पण 10-15 सेकंद, जास्त नाही. ह्यानं उतरलेल्या बॅटरीवर लावला, ते पण टर्मिनलवर पांढरी हिरवी पावडर साठलेली तिच्यावरच चिमटे लावून. काटा तांबड्यात जाणारच की! मामांची जुनी बॅटरी नुसती चार्ज करून अजून चालली असती काय हे आता कळायला मार्गच नाही, तो घेऊन गेला ना.

तीनचारशे रुपयाचा डिजिटल मल्टीमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी, चालू करायच्या आधी, मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून लाल वायर प्लसला, काळी मायनसला, क्लॅम्पवर म्हणजे गाडीच्या वायरच्या पकडीवर नाही तर शिशाच्या खुंटावरच टेकवा. 12.6 च्या आसपास म्हणजे फुल, 12.4 पाऊण, 12.2 अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग घरातल्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा बघा. चार्ज केलेली बॅटरी असून 9.6 च्या खाली जात असेल तर ती खरंच थकली. इंजिन चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजे, तिथं बारा साडेबारावरच अडकलं असेल तर बहुतेक घोळ अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याच्या बेल्टचा आहे, नवी बॅटरी घातली तरी ती पण बसणार. पावडर असेल तर आधी मायनस सोडा मग प्लस, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, लावताना मायनस शेवटी. बरेचदा एवढ्यावरच गाडी सुरू होते. पण बॅटरी फुगली असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर चार्ज करू नका, हात पण लावू नका, तिथं बदलणंच बरं.

नवी घेताना डीलरच्या दुकानातच जा, बॅटरीवरचा नंबर आणि वॉरंटी कार्डवरचा नंबर स्वतः जुळवून बघा, कार्डावर तारीख शिक्का आणि पक्कं जीएसटी बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. कोड कसा वाचायचा ते कंपनीगणिक वेगळं असतं, दुकानदाराला विचारायचं, लाजायचं नाही. जुन्या बॅटरीत शिसं असतं, भंगारात पण तिला पैसे आहेत, त्यामुळं ती देणार असाल तर बिलात कमी करून घ्या.

तो माणूस आता मामांचा फोन उचलत नाही. बिल नाही, पण पैसे यूपीआयनं दिल्याचा पुरावा आहे, त्याच्यावर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केल्या, आणि ती बॅटरी भंगारात न देता दोन्ही स्टिकरच्या फोटोसकट ठेवल्या. तुमच्याकडं पण कुणी घरी येऊन बॅटरी बसवून गेला असेल तर आजच त्या स्टिकरचा कोपरा उचलून बघा.