ओबीएस आणि शॉटकट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईत कलिन्याला विद्यापीठाच्या विद्यानगरीच्या पलीकडेच विमानतळ, त्यामुळे तिथे रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमध्ये विमान ऐकू येणार हे धरूनच चालायचं. वर छताचा पंखा. त्यामुळे ओबीएस स्टुडिओमध्ये रेकॉर्डिंग आणि शॉटकटमध्ये एडिटिंग या जोडीचा खरा कस आवाजात लागतो, चित्रात नाही. दोन्ही फुकट, ओपन सोर्स, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारी.

पंख्याची घरघर ओबीएसच्या नॉइज सप्रेशनमधला (गोंगाट दाबणाऱ्या फिल्टरमधला) आरएनएनॉइज पर्याय बऱ्यापैकी गिळतो. विमानापुढे तो हात टेकतो. तेव्हा थांबायचं, विमान गेलं की पाच सेकंद गप्प राहायचं आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. ती शांतता वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सपाट रेघेसारखी दिसते, कापायची जागा शोधत बसावं लागत नाही. फिल्टर याच क्रमाने लावा: नॉइज सप्रेशन, कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा). कंप्रेसर आधी आला आणि त्याचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) वाढवलेला असला, की पंखाच मोठा होऊन पुढे जातो. बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलमध्ये खेळला पाहिजे. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सहसा फोन कॉलच्या दर्जावर घसरतो. त्यापेक्षा वायरचा कॉलर माइक केव्हाही बरा.

वेबकॅमचं चित्र माइकपेक्षा किंचित मागे पडतं, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि शॉटकटमध्ये फ्रेम-फ्रेम पुढे जाऊन आवाजाचा टोकदार उभार व हात जुळण्याची फ्रेम यांतलं अंतर मोजा. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे तीन फ्रेमचा फरक असेल तर ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकचा सिंक ऑफसेट (आवाज मागे ढकलण्याचा वेळ) १०० मिलिसेकंद. एकदा केलं की कॅमेरा बदलेपर्यंत बघायला नको.

रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल प्रकारातच करा. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर चाळीस मिनिटांची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही तोवरची शाबूत राहते. एमपी४ हवीच असेल तर ओबीएसच्या फाइल मेनूतलं रीमक्स (फक्त फाइलचा प्रकार बदलणं) वापरा, दर्जाला धक्का लागत नाही.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर डिस्प्ले कॅप्चर, म्हणजे स्क्रीनचं रेकॉर्डिंग, काळं येऊ शकतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला पॉवर सेव्हिंगवर टाकलं की बहुतेकदा सुटतं.

फाइलचा आकार विद्यार्थ्यांच्या दृष्टीने बघा. २५०० केबीपीएसला (सेकंदाला २५०० किलोबिट) तासाचं लेक्चर सुमारे १.१ जीबी होतं, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकचा फडशा. नुसत्या स्लाइड असतील तर १५ एफपीएस आणि १००० केबीपीएस पुरतात, तास ४५० एमबीत बसतो. स्लाइडवरची अक्षरं मात्र २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. हे लेक्चर विरार लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, फोनवर पाहिलं जाणार आहे.

शॉटकटमध्ये दोन कळांवर काम भागतं: एस कापायला, एक्स काढून टाकून मोकळी जागा भरायला. (झेड दाबलात तर भोक तसंच राहतं.) चित्र आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतील तर रिपल ऑल ट्रॅक्स (एका ट्रॅकवर कापलं की बाकीचेही सोबत सरकवणारा पर्याय) चालू आहे ना, हे आधी बघा, नाहीतर पहिल्याच कापणीनंतर पुढचं चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकतात, आणि ते कळतं शेवटी. फोनवर चित्रित केलेल्या प्रयोगांचा फ्रेम रेट बहुधा बदलता असतो. शॉटकट एडिट-फ्रेंडली करू का म्हणून विचारतं, तेव्हा हो म्हणा. फाइल फुगते, पण आवाज हळूहळू मागे पडत जाणं थांबतं.

मराठी शीर्षकांना युनिकोड फाँटच घ्या. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हं होऊन उमटतो.

आणि पेन ड्राइव्हवर नुसती एमएलटी फाइल (शॉटकटची प्रोजेक्ट फाइल) नेऊ नका. तिच्यात व्हिडिओ नसतो, व्हिडिओचा पत्ता असतो. अख्खा फोल्डर उचला.