एचएफ, जर्सी, गीर की त्रिवेणी? गोठ्यात सांभाळून केलेला रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो, कारणं मागून. चार-पाच गायी ठेवून डेअरीला दूध घालणाऱ्यासाठी निम्मं किंवा थोडं जास्त एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) रक्त असलेली संकरित गाय पाचपैकी चार, जर्सी क्रॉस साडेचार, गीर घरच्या दुधा-तुपाला पाच पण डेअरीच्या कॅनला अडीच. जर्सीला एचएफच्या वर ठेवलेलं बघून आमच्या संगमनेरकडची निम्मी पोरं भांडायला येतील, येऊ द्या, पूर्ण वाचा मग बोला.

एचएफ म्हणजे काळी-पांढरी, मूळची हॉलंडची, थंड हवेतली. दुधाला तिला तोड नाही हे मान्यच. चांगली संकरित गाय नीट सांभाळली तर दिवसाला 15-20 लिटर देते, पण तेवढं खाते पण. शरीरासाठी दीड-दोन किलो खुराक आणि वर प्रत्येक लिटरमागं साधारण 400 ग्रॅम, शिवाय हिरवा चारा, मुरघास (हवाबंद करून मुरवलेला चारा), कडबा, हिशोब तुम्हीच करा. आणि खरी परीक्षा एप्रिल-मे मधे. दुपारी गव्हाणीत टाकलेला मुरघास तसाच पडून राहतो, गाय बसत नाही, उभ्या उभ्या तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळत असते आणि संध्याकाळच्या धारेला दोन-तीन लिटर गायब. माज पण मुका होतो, म्हणजे माजावर आलेली कळतच नाही, आणि कळलं म्हणून भरवली (रेतन केलं) तर उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. 75 टक्क्याच्या वर एचएफ रक्त गेलेल्या गायींना हा त्रास जास्त, त्यामुळं पंखे, फॉगर, उंच छप्पर अशी सोय असेल तरच तिकडं जा. गोचीड ताप पण संकरित गायीला लवकर धरतो. आणि जास्त दुधाची गाय व्यायल्यावर पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, मान पोटाकडं वळवून बसली, कान गार लागले, उठेना, की समजायचं दुग्धज्वर आहे, लगेच डॉक्टर बोलवून कॅल्शियम लावायचं, सकाळी बघू म्हणलं की गाय गेली.

आता जर्सी. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरची ही जात, हरणासारखा रंग, कपाळ मधोमध खोलगट, डोळे मोठे. अंगानं लहान, 350-400 किलोची, म्हणून चारा कमी लागतो. एचएफपेक्षा ऊन बरं सोसते आणि आमच्या अनुभवात गाभण पण लवकर राहते. दूध 10-14 लिटर, बाजारात लोक इथंच नाक मुरडतात. पण फॅट बघा ना, साडेचार ते पाच टक्के! आपल्याकडं गायीच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वर ठरतो, त्याच्या खाली गेलं की संकलन केंद्रावर कापतात, आणि वर गेलं तर तेवढ्या हातानं वाढवून देत नाहीत, हे दुखणं सगळ्यांचंच. म्हणून नुसत्या जर्सीचा गोठा करा असं मी म्हणत नाही. तीन एचएफ आणि एक जर्सी ठेवा. तीन एचएफचं 45 लिटर दूध 3.3 फॅटचं आणि जर्सीचं 12 लिटर 4.8 चं एका कॅनमधे मिसळलं की सगळं 57 लिटर 3.6 वर जातं! एका जर्सीनं बाकीच्या तिघींची कपात वाचवली. ही गाय लिटरमधे मोजायची नाहीच.

गीरबद्दल मला मनापासून प्रेम आहे. बाहेर आलेलं गोल कपाळ, लांब लोंबते कान, गुंडाळलेल्या पानासारखे. सौराष्ट्रातली जात, ऊन आणि गोचीड दोन्ही सोसते. ब्राझीलनं आपली गीर नेऊन तिच्यावर इतकं काम केलं की तिथं गीर आणि एचएफच्या संकरातून गिरोलांडो नावाची जात उभी राहिली. पण आपल्याकडच्या साध्या गीरचं दूध 6-10 लिटर, पहिलं वेत (पहिल्यांदा विणं) यायला साडेतीन-चार वर्ष, आणि वासरू गेलं तर बऱ्याच गायी पान्हाच सोडत नाहीत. घरोघरी दूध किंवा तूप विकायची तयारी असेल तरच घ्या. साहिवाल या दुसऱ्या देशी जातीला पण हेच लागू. देवणी, डांगी, खिल्लार या आपल्या मातीतल्या जाती जपायलाच हव्यात, डांगीसारखी अकोल्या-इगतपुरीच्या पावसात टिकणारी दुसरी नाही, पण दुधाच्या धंद्याच्या यादीत त्यांना बसवू नका.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी मात्र जरूर बघा. 50 टक्के एचएफ, 25 जर्सी, 25 गीर. दूध, फॅट आणि काटकपणा तिन्हीचा मेळ, एका वेताला 3000 लिटरच्या आसपास. कुणाकडं खात्रीची त्रिवेणी कालवड मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

लोणी, घोडेगावच्या बाजारात जाणार असाल तर एवढं कराच. कास टम्म फुगलेली दिसली की भुलू नका, काही व्यापारी आदल्या दिवसाची धार न काढता कास तुंबवून आणतात. आधी धार पूर्ण काढायला लावा, मग पुढची धार समोर उभं राहून बघा, तेच खरं दूध. चारही सड स्वतःच्या हातानं पिळा, पहिल्या चिळा काळ्या कपड्यावर घ्या, गाठी दिसल्या किंवा एखादा सड कडक लागला तर दगडीचा (कासेच्या सुजेचा) संशय धरा आणि सोडून द्या. दूध काढलेली कास पिशवीसारखी मऊ लोळायला हवी, तशीच कडक राहिली तर ते मांस आहे, दूध नाही.

आणि गाय घरी आणल्यावर प्रत्येक वेळी भरवताना कांडीवरचा (वळूच्या रेताच्या नळीवरचा) वळूचा नंबर वहीत लिहून ठेवा, त्यातून झालेली कालवड मोठी झाली की तिला तोच नंबर पुन्हा भरायचा नाही, कारण तो तिचा बाप असतो, आणि ही वही आमच्याकडं दहातल्या एका गोठ्यात पण सापडत नाही.