रोजचा स्टँडअप (कामाचा आढावा घेणारी टीमची छोटी बैठक) की चॅटवर लेखी अपडेट?
नवीनच टीम लीड झालेल्या मित्राने विचारलं, टीम गप्प बसते, काय ठेवू? वेळेचं बघ, आठ जणांची १५ मिनिटं म्हणजे रोजचे दोन तास, लेखीला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. पण अडकलेलं काम बोलताना लगेच कळतं, लिहिताना लोक "चालू आहे" टाकून मोकळे होतात. जबाबदारीचं मात्र उलटं, लिहिलेलं नंतर शोधता येतं. आणि स्टँडअपला सगळे लीडकडे बघून हजेरी देत असतील तर तो वायाच, स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या २०२० च्या अधिकृत गाइडमधून ते ठरलेले तीन प्रश्नही (काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय) काढलेत, बोलायचं ते स्प्रिंट गोलबद्दल, म्हणजे कामाच्या चालू टप्प्याच्या उद्दिष्टाबद्दल.

टीम नवीन, कामं एकमेकांत गुंतलेली असतील तर स्टँडअपच घे. पुणे-अमेरिका अशी विभागलेली जुनी टीम असेल तर लेखी, फक्त कोणी अडचण लिहिली की त्याच दिवशी फोन जायलाच हवा.